दोनाचं तीन

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, पत्र्याच्या केबिनमध्ये,
तो संगणक दुपारी एकला बंद पडायचा.
रोज. जेवणाच्या सुट्टीसारखा.
सकाळी मात्र गुणी.
त्याच्या पोटात टॉवेलांची सगळी डिझाइनं,
मोर, कमळ, कुठल्याशा लॉजचं नाव,
आणि दुसरा कुठलाच डबा त्या जेकार्डशी बोलत नाही
म्हणून नरसय्या येमूलांनी दुकानात फोन केला.

"इरेशनं पोरगी पाठवली व्हय?" एवढंच म्हणाले,
मग खुर्चीवरची सुताची धूळ स्वतःच झटकली.

झाकण काढलं. आत कापूस. खरंच कापूस,
पंख्याला गुंडाळलेला, उशीत भरावा इतका.
रॅमची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात
खोडरबरानं घासले, फुंकर मारली, परत बसवली.
डिलीट दाबत राहिले
तेव्हा आला निळा पडदा, पिवळी अक्षरं,
तारीख एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
"मी कांड्या भरायचो तेव्हा," येमूल म्हणाले.
"दिवसाला..."
आकडा आला नाही त्यांना.
मी बटणाएवढा सेल बदलला, तारीख आजची केली.

मग ते पान, जिथे सहसा कुणी जात नाही.
कॅस लेटन्सी: दोन.
पुतण्याचं काम. त्याला कुणी सांगितलेलं,
आकडा जेवढा कमी तेवढं मशीन पळतं.
"काय असतंय हे?"

मला येत होतं तेवढं सांगितलं.
आत आडव्या-उभ्या चौकटी असतात.
आधी ओळ उघडायची, मग स्तंभ सांगायचा,
आणि प्रत्येक वेळी जरा थांबायचं.
नाही थांबलं तर उत्तर अजून वाटेत असतं
आणि हा, जे हाताला लागेल
तेच खरं धरून पुढे जातो.

येमूल उठले. दार उघडलं.
सोळा मागांचा आवाज एकदम अंगावर आला.
त्यातूनच ओरडून म्हणाले,
"ताणा फाकला पायजे आधी! मग धोटा!
फाकायच्या आत मारला तर?"
आणि दोन बोटांत नसलेला धागा धरून
तो तुटलेला दाखवला मला.
दार लावून घेतलं.
"आमचा बाप नव्या पोराला एकच शब्द शिकवायचा.
आगु. थांब.
दोनदा सांगायचा. तिसऱ्यांदा कानाखाली."

तीन वर्षं मी हे आकडे बदलत होते,
झेरॉक्स काढलेल्या पुस्तिकेतून, पाठ करून.
दोनाचं तीन केलं.
बाहेर चव्वेचाळीस अंश, वर पत्रा;
अशात लोखंडालाही एक ठोका जास्त लागतो.

त्याखाली अजून एक ओळ.
पंधरा ते सोळा मेगाबाइटमध्ये भोक: चालू.
"भोक कशापायी?"
एका जुन्या कार्डासाठी राखलेली जागा.
"कुठाय ते कार्ड?"
नाही. या डब्यात तरी नाही.
"मग?"
कुणी सोड म्हटलं नाही, म्हणून धरून बसलाय.
ते बंद केलं.

चहा आला. बशीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा तुकडा,
चहाबरोबर हे कुणी देतं का, पण दिलं.
खाताखाता मी उगाच बोलून गेले,
की चालू असतानाही आतलं सगळं गळत असतं,
म्हणून सेकंदाला पंधरा वेळा
वाचून पुन्हा तिथंच लिहावं लागतं.
येमूल नुसते चावत राहिले.

एफ दहा. वाय. एन्टर.
काळ्या पडद्यावर आकडे चढायला लागले.
काल चौसष्ट हजार पाचशे बाराला थांबले होते,
आज पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
मोर उघडला, पिसाऱ्यासकट.

एक वाजून गेला. सव्वा झाला.
माग जेवायला थांबले, हा चालूच.
मी बिलाचं पुस्तक काढलं
तेव्हा येमूल भिंतीकडे बघत म्हणाले,
"एकशे चाळीस."
बिल तर साडेतीनशेचं होतं.
"कांड्या," ते म्हणाले. "दिवसाला."
मग थोडं थांबले.
"का एकशे वीस."